होडीचं बूच: लावायचा क्रम, तपासणी आणि पाण्यात सुटलंच तर काय करायचं

होडी जमिनीवर असताना तळातलं पाणी काढायला मागे जे भोक असतं, त्याचं बूच न लावता पाण्यात गेलेली होडी लगेच बुडत नाही. ही चूक जिवावर बेतते ती याच कारणाने. आउटबोर्ड इंजिनाची हलकी फायबर होडी वेग घेते, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, उचलली जाते आणि मागच्या फळीमागचं (इंजिन बसवतात त्या उभ्या फळीमागचं) पाणी फळीपासून सुटून मागे पडतं. अशा वेळी बुचाचं भोक जवळजवळ उघड्यावर असतं आणि तळातलं पाणी उलट बाहेर पडतं. होडीत कोरडं आहे, इंजिन नीट चाललंय, कुणाला शंका येत नाही. मग गळ टाकायला किंवा पर्यटकांना पाण्यात उतरवायला होडी थांबते. मागची बाजू इंजिन, पेट्रोलची टाकी आणि दोन माणसं यांच्या वजनाने खाली बसते आणि भोक पाण्याखाली जातं. किनारा तोवर लांब राहिलेला असतो.

किती पाणी येतं याचा हिशोब सोपा आहे. एक इंचाचं, म्हणजे २५ मिलिमीटरचं भोक पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटर असेल तर मिनिटाला सुमारे ४० लिटर पाणी आत येतं. दहा मिनिटांत ४०० लिटर, म्हणजे ४०० किलो. न बोलावता सहा माणसं होडीत चढली आणि सगळी मागे जाऊन बसली, असं समजा. पाणी वाढेल तशी मागची बाजू आणखी दबते, भोक आणखी खोल जातं आणि धार वाढते.

पुढचं सगळं लिहिताना डोळ्यांसमोर मालवण, तारकर्ली, हर्णै, अलिबाग अशा किनाऱ्यांवरच्या वाळूतून ढकलल्या जाणाऱ्या छोट्या फायबर होड्या आहेत. ट्रेलरवरून उतरणाऱ्या खाजगी बोटी आणि उजनी-कोयनेच्या पाण्यावरच्या होड्या यांनाही क्रम तोच लागू आहे.

टप्पा १: भोकं मोजा

बूच एकच असतं हा पहिला गैरसमज. होडी जमिनीवर असताना मागून वाकून बघा, मग आतून तळावरच्या फळ्या उचलून बघा. काही होड्यांना तळाचं एक, वरच्या डेकचं पाणी काढणारं दुसरं आणि जिवंत मासळी किंवा आमिष ठेवायच्या कप्प्याचं तिसरं भोक असतं. बऱ्याच जेट स्कींना मागे दोन बुचं असतात. एक लावलं की काम झालं असं वाटतं आणि दुसरं राहतं. प्लास्टिकच्या कयाकलाही छोटं बूच असतं. ते सैल राहिलं तर पोकळ अंगात पाणी शिरतं, कयाक डोलायला लागते आणि वल्हवणाऱ्याला वाटतं आपलाच तोल जातोय.

जितकी भोकं, तितका आकडा मार्करने इंजिनाजवळ आतल्या बाजूला लिहून ठेवा. होडी भाड्याने घेतली असेल किंवा नवा खलाशी आला असेल, तर हा आकडा त्याला तोंडी सांगून भागत नाही, भोकं हाताने दाखवा.

टप्पा २: बूच आणि त्याचं घर तपासा

दोन प्रकार मुख्य. आट्यांचं पितळी किंवा प्लास्टिकचं बूच आणि खटका दाबला की फुगणारं रबरी बूच.

आट्यांचं बूच लावताना आधी उलटं फिरवा. आट्याला आटा बसल्याचा हलका ठोका हाताला लागतो. तिथून सुलटं फिरवा, निदान तीन फेरे नुसत्या बोटांनी गेले पाहिजेत. सुरुवातीलाच जोर लागला तर बूच तिरकं चढलंय; काढा आणि परत लावा. तिरकं चढलेलं बूच घट्ट लागतं, म्हणून माणूस फसतो. दोन तास लाटांवर आदळल्यावर ते सुटतं. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे बूच ज्या दिशेला आवळतो त्याच दिशेने द्या, नाहीतर टेप गुंडाळी होऊन निघते. पान्याने शेवटी थोडंसंच आवळा. पान्यावर लोंबकळलात तर बूच बसवलेली पितळी चकती फायबरमध्ये फिरते आणि स्क्रूंभोवतीची सीलबंदी फुटते. मग बूच घट्ट, पण पाणी चकतीच्या कडेने आत.

रबरी बुचात खटका पाडताना अंगठ्याला चांगला जोर लागला पाहिजे. सहज पडला तर रबर पुरेसं फुगलेलं नाही. मधला नट थोडा आवळा आणि पुन्हा बघा. रबराला भेगा असतील, ते चपटं होऊन तसंच राहिलं असेल किंवा बोटाला चिकट लागत असेल तर टाकून द्या. त्याची किंमत एका फेरीच्या पेट्रोलपेक्षा कमी असते. वर्षाला एक नवं घेण्यात कंजुषी नको.

आता वाळू. आपल्या किनाऱ्यांवर बूच गळायचं सगळ्यात साधं कारण म्हणजे भोकाच्या कडेला चिकटलेले वाळूचे कण. रबर त्यांच्यावर बसतं आणि बारीक फट राहते. लावण्याआधी भोक आणि बूच दोन्ही ओल्या फडक्याने पुसा. रोज, प्रत्येक वेळी.

मग मागच्या फळीचं लाकूड. बऱ्याच फायबर होड्यांच्या मागच्या फळीत आत प्लायवूड असतं. बुचाच्या भोकातून त्यात पाणी झिरपत राहिलं की ते कुजतं. भोकाभोवती पान्याच्या मुठीने हळू ठोकून बघा. टणक आवाज असेल तर ठीक. आवाज भद्द येत असेल किंवा स्क्रू जागेवर नुसताच फिरत असेल तर कारागीर बोलवा. तिथे वरून सिलिकॉन फासून काम भागवू नका. घरगुती सिलिकॉन तिथे टिकत नाही, बोटींसाठीचा पॉलियुरेथेन सीलंट लागतो आणि तोही लाकूड वाळल्यावरच.

*सावध:* मूळ बूच हरवलं म्हणून पितळी घरात लोखंडी बोल्ट बसवू नका. खाऱ्या पाण्यात तो गंजतो, आटे खातो आणि नेमका हवा तेव्हा निघत नाही.

टप्पा ३: बूच आणि किल्ली एकाच दोरीत

बूच विसरण्यावर आठवण ठेवणं हा उपाय नाही. भरती उतरायला लागलेली, पर्यटक घाई करतायत, कुणीतरी टाकीची नळी शोधतंय, अशा वेळी कुणाचंही डोकं एका बुचावर राहत नाही. म्हणून व्यवस्था अशी लावा की बूच हातात आल्याशिवाय इंजिन सुरूच होणार नाही.

बूच काढलं की ते इंजिनाच्या किल्लीला अडकवायचं. किल्ली नसलेलं, दोरी ओढून सुरू होणारं इंजिन असेल तर ते बंद पाडणारी जी लाल गुंडाळीची दोरी मनगटाला बांधतात, तिला अडकवायचं. तिसरी कुठलीही जागा चालणार नाही. पँटचा खिसा नाही, गाडीचा कप्पा नाही, टाकीखाली तर नाहीच.

लावायची वेळही ठरलेली असू द्या: होडी हलवण्याच्या आधी, लाकडी ओंडके किंवा ट्रेलर जागेवर असताना. "पाण्यात गेल्यावर लावू" म्हणणारा माणूस पाण्यात गेल्यावर दोर धरण्यात गुंतलेला असतो. मात्र बाहेरून लावायचं बूच ओंडक्यांवरून होडी सरकताना ठोकर लागून सैल होऊ शकतं. म्हणून बूच लावणं जमिनीवर आणि शेवटचा हात पाण्याच्या कडेला, असे दोन वेगळे थांबे घ्या.

लावणारा एक आणि बघणारा दुसरा हवा. बघणाऱ्याने विचारायचं, "बूच?" लावणाऱ्याने भोकाला हात लावूनच "लावलं" म्हणायचं. लांबून उत्तर आलं तर ते धरायचं नाही. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, कितीही जुना असला तरी त्यालाही हे विचारलंच पाहिजे, त्यात कुणाचा अपमान नाही.

ट्रेलर वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. अमेरिकेत मिनेसोटासारख्या राज्यांत बोट रस्त्याने नेताना बूच काढून ठेवणं कायद्यानेच सक्तीचं आहे, कारण तळातल्या पाण्यातून झेब्रा शिंपल्यांसारखे परके जीव एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. तिथल्या मराठी मंडळींची बोट प्रत्येक वेळी बुचाशिवायच धक्क्यावर पोचते. त्यांना ही किल्लीची सवय आपल्याहूनही जास्त गरजेची आहे.

टप्पा ४: गुडघाभर पाण्यात पाच मिनिटं

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि बहुतेक अपघात इथेच टळू शकतात.

होडी तरंगायला लागली की माणसं चढवू नका. नाळेचा दोर एकाने किनाऱ्यावर धरायचा. दुसऱ्याने आत जाऊन मागच्या फळ्या उचलायच्या, तळ फडक्याने कोरडा करायचा आणि थांबायचं. पाच मिनिटं. मग तळावर हाताचं बोट फिरवून बघायचं. तळ कोरडा असेल तर पुढे जा. ओल असेल तर ती कुठून येतेय ते पाहा: बुचातून, चकतीच्या कडेने, की तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या नळीतून उलटी. लाटेचे शिंतोडे उडतच असतात, म्हणून किनाऱ्याच्या फेसाळ भागापेक्षा खाडीच्या शांत पाण्यात ही तपासणी चांगली होते.

नंतर दोन माणसांना मागे बसवून पुन्हा एकदा बघा. काही होड्यांचं डेकचं भोक रिकाम्या होडीत पाण्याच्या वर असतं आणि माणसं बसली की खाली जातं.

*तपासा:* पंपाचा तरंगता खटका हाताने वर उचला. पंप चालू झाला पाहिजे आणि बाहेर धार दिसली पाहिजे. नुसता आवाज पुरत नाही. नळीत मासळीचे खवले आणि प्लास्टिक अडकलेलं असतं.

टप्पा ५: होडीत काय हवं

आधी पंपाबद्दलचा भ्रम काढू. ताशी ५०० गॅलन लिहिलेला पंप कागदावर ताशी सुमारे १,९०० लिटर, म्हणजे मिनिटाला जेमतेम ३२ लिटर फेकतो. तोही बॅटरी पूर्ण भरलेली असताना आणि नळी वर चढवायची नसताना. एक इंचाच्या भोकातून येणारं पाणी त्याला हरवतं. पंप थोडा वेळ मिळवून देतो, भोक बंद करायचं काम तुमचंच राहतं. शिवाय बॅटरी तळाशी ठेवली असेल तर पाणी चढलं की पंप आणि इंजिनाचा स्टार्टर दोन्ही एकदम जातात. बॅटरी उंच फळीवर, बांधून ठेवा.

होडीत या वस्तू हव्यात आणि त्या बांधलेल्या हव्यात:

- त्याच मापाचं जोड बूच, मागच्या फळीजवळ आतून दोरीने बांधलेलं. पेटीच्या तळाशी ठेवलेलं बूच नसल्यासारखंच.
- मऊ लाकडाची निमुळती खुंटी. पांगारा किंवा सावरीसारखं हलकं लाकूड घ्या. सुतार पाच मिनिटांत करून देतो: एक टोक अंगठ्यापेक्षा बारीक, दुसरं दोन बोटांहून जाड, लांबी वीतभर. कोरडी ठेवा, भिजल्यावर ती फुगून घट्ट बसते. बूच हरवलं, आटे गेले, चकतीच निघाली, तिन्ही प्रसंगांत ती चालते.
- जुनं सुती कापड. नायलॉन निसटतं.
- मोठी बालदी, दोरी बांधलेली. शिवाय तेलाचा पाच लिटरचा कॅन तिरका कापून केलेलं उपसणं, कारण फळ्यांखालच्या फटीत बालदी जात नाही.
- नांगर आणि पुरेसा दोर, बांधायची जागा नाळेवर.
- दोन वल्ही.
- शिट्टी, टॉर्च, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत गळ्यात लटकवलेला फोन.

लाईफ जॅकेट या यादीत घातलेलं नाही, कारण ते होडीत ठेवायचंच नाही, अंगावर घालायचं. किनारा सोडण्याआधी, पट्टे आवळून, लहान मुलांना मुलांच्याच मापाचं. पाणी भरायला लागल्यावर डगमगत्या होडीत कुणालाही ते घालता येत नाही.

किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून जा: किती जण, कुठे, परत किती वाजता. कोयनेच्या जलाशयात कित्येक ठिकाणी फोन लागत नाही. तिथे तुम्ही परतला नाहीत हे कळणारा माणूस हाच एक आधार.

टप्पा ६: पाण्यात असताना तळात पाणी दिसलं

आधी खुणा ओळखा. होडी सुकाणूला उशिरा ऐकते. वळल्यावर ज्या बाजूला कलते तिथून सावकाश परत येते. तेवढ्याच थ्रॉटलला नाळ नेहमीपेक्षा वर राहते. पंप न थांबता चालू आहे. यातलं एकही दिसलं की फळी उचलून बघा, वाट बघू नका.

पाणी थोडं आहे आणि होडी अजून वेग घेते:

१. झटकन थ्रॉटल बंद करू नका. एकदम थांबलेल्या होडीच्या मागून तिचीच लाट येते आणि बसक्या मागच्या फळीवरून आत पडते.
२. वेग स्थिर ठेवून जवळच्या निवाऱ्याच्या दिशेने सावकाश वळा. वेगात भोकावर दाब नसतो. बूच आतून लागणारं असेल तर एकाने खाली बसून, एका हाताने होडी धरून ते आत्ताच लावावं. हीच सगळ्यात सोपी वेळ आहे.
३. बूच लागल्यावर पाणी उपसा आणि परत फिरा. "लागलं ना, मग पुढे जाऊ" हे नको. ते का सुटलं हे अजून कळलेलं नाही.

पाणी फळ्यांवर आलंय आणि होडी जड झालीय:

१. पूर्ण थ्रॉटल देऊ नका. नाळ उचलली की सगळं पाणी मागे धावतं आणि मागची फळी पाण्याखाली जाते. आडवं तीव्र वळणही नको. पाणी एका बाजूला गोळा होऊन होडी उलटते.
२. माणसांना एकेक करून, बसूनच, पुढे सरकवा. दोघे डाव्या बाजूला, दोघे उजव्या. पुढचं वजन वाढलं की मागचं भोक वर येतं आणि धार कमी होते. घाबरलेली माणसं पाणी बघायला मागे धावतात. त्यांना आवाज चढवून थांबवा.
३. भोक बंद करा. आतून बंद करताना पाण्याचा दाब तुमच्या विरुद्ध असतो, म्हणून नुसतं कापड कोंबलं तर ते भोकातून परत होडीत फेकलं जातं. खुंटीला कापडाचा एक वेढा द्या, ती पिळत आत दाबा आणि वल्ह्याच्या मुठीने ठोका. मग पायाने दाबून धरा. बाहेरून बसवलेली खुंटी पाण्याचा दाबच घट्ट करतो. पण त्यासाठी इंजिनाजवळ हात घालायचा असेल तर इंजिन पूर्ण बंद करून, ती बंद पाडणारी लाल दोरी काढूनच.
४. भोक बंद झाल्यावर उपसा. उघड्या भोकावर उपसत राहिलात तर दम संपतो, पाणी संपत नाही. माणसं पुरेशी असतील तर दोन्ही कामं एकदम करा.
५. वारा खडकांकडे ढकलत असेल तर नांगर टाका, पण नाळेवरूनच. मागून बांधलेल्या नांगराने मागची बाजू लाटांसमोर येते आणि भरलेली होडी काही मिनिटांत जाते.

फोन कधी करायचा? भोक पहिल्या प्रयत्नात बंद झालं नाही तर लगेच. तटरक्षक दलाचा समुद्रातल्या बचावासाठीचा मोफत क्रमांक १५५४, आणि सर्वसाधारण आपत्कालीन क्रमांक ११२. होडीत व्हीएचएफ रेडिओ (बिनतारी संच) असेल तर चॅनल १६. आधी ठिकाण सांगा, कारण बोलणं मध्येच तुटू शकतं: "सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पश्चिमेला, साधारण इतकं अंतर." मग माणसं किती, मुलं किती, होडीचा रंग, काय झालंय. जवळच्या होड्यांना उभं राहून हात दाखवू नका. बसून शिट्टी वाजवा, वल्ह्याला रंगीत कापड बांधून हलवा.

किनारा जवळ असेल तर होडी मुद्दाम वाळूवर चढवणं हा चांगला उपाय आहे, पण मोठ्या लाटा फुटत असतील तिथे नाही. अर्धी भरलेली होडी लाटेत आडवी झाली की उलटतेच. अशा वेळी खाडीच्या आतली वाळू शोधा.

टप्पा ७: होडी भरलीच किंवा उलटली

होडी सोडू नका. फोम भरलेली होडी भरूनही तरंगते. उलटलेल्या साध्या होडीतही बऱ्याचदा हवा अडकून राहते. किनारा दिसतो तितका जवळ नसतो आणि पाण्यात एकट्या माणसाचं डोकं वरून दिसत नाही, होडीचा तळ दिसतो. सगळ्यांनी एकमेकांच्या जॅकेटचे पट्टे धरून होडीला लागून राहावं, मुलं मध्ये. टाकीतून पेट्रोल पसरत असेल तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला सरका. होडी बुडून गेलीच तर रिकामे कॅन आणि वल्ही हातची सोडू नका.

टप्पा ८: परत आल्यावर, आणि पावसाळ्यासाठी

होडी भरतीच्या रेषेच्या वर आली, नाळ उंच झाली, की मगच बूच काढा आणि त्याच हाताने किल्लीला अडकवा. बाहेर पडणारं पाणी बघा. रोजच्यापेक्षा जास्त असेल तर दुसऱ्या दिवशी पाण्यात जाण्याआधी कारण शोधायला हवं. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर ते बालदीत धरा, वाळूत सोडू नका.

पावसाळ्यात यांत्रिक मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. कोकणचा पाऊस उघड्या होडीत साठला तर त्या वजनाने तळ ओंडक्यांवर चिरतो, म्हणून बूच काढून, नाळ उंच करून ठेवतात. हे बरोबरच आहे. पण उघड्या भोकात कुंभारीण माशी मातीचं घरटं करते, पानं साचतात, आणि बूच काढलेलं असूनही होडी पाण्याने भरते. भोकावर बारीक जाळीचा तुकडा बांधा आणि दर आठवड्याला काडी घालून बघा.

हंगाम सुरू करताना बूच लावून होडीत मागच्या बाजूला चार-पाच इंच पाणी नळीने भरा. त्याहून जास्त नको. टेकूवर उभ्या होडीला ते वजन सोसत नाही. अर्धा तास थांबून बाहेरून मागची फळी, चकतीची कड आणि प्रत्येक स्क्रूचं डोकं कोरड्या बोटाने चाचपा. जिथे ओल लागेल तिथे मार्करने लगेच खूण करा. पाणी काढून होडी वाळली की ती जागा पुन्हा सापडत नाही.